खानदेशातील मालमोटारी आणि थरथरते सुकाणूचक्र
2010च्या फेरक्रमांकनापूर्वी 3 क्रमांकाचा मुंबई-आग्रा आणि 6 क्रमांकाचा, जळगावमार्गे जाणारा सुरत-कोलकाता हे दोन्ही राष्ट्रीय महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदत, त्यामुळे खानदेशाच्या अर्थव्यवहारात मालमोटारीला आणि ती चालती ठेवणाऱ्या कारागिराला मोठे स्थान मिळाले. 1954 पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज मालमोटारी तयार होऊ लागल्या. त्या पिढीचा पुढचा अ‍ॅक्सल एकसंध पोलादी तुळईचा असे आणि चाक वळते ते त्याच्या टोकांवरील किंगपिन या उभ्या खिळीभोवती.

ही खीळ किंवा तिच्याभोवतीचे बुश, म्हणजे धातूचे नळीसारखे अस्तर, झिजले की ठरावीक वेगाला चाके डावी-उजवीकडे थरथरू लागतात व ती थरथर टाय रॉडमधून, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांडीतून, पलीकडच्या चाकापर्यंत पोहोचते; सुकाणूचक्रही थरथरते. दोष नेमका शोधण्याची जुनी रीत आजही तितकीच विश्वासार्ह आहे: जॅकवर उचललेले चाक वर-खाली धरून हलवावे, मग साथीदाराने ब्रेक दाबावा; हालचाल थांबली तर बेअरिंग सैल, न थांबली तर किंगपिन झिजलेली. केवळ चाकाचा तोल साधून ही झीज झाकणे धोक्याचेच, कारण रावेर-यावलची केळी घेऊन घाट उतरणाऱ्या गाडीची दिशा याच खिळीवर अवलंबून असते. प्रतिबंधाचा उपाय मात्र स्वस्त आहे: अ‍ॅक्सलवरचा भार उचलून, जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरणे आणि स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट वेळोवेळी आवळणे.