तळटीप १४ : ‘नऊला निघाली, अकराला पोचली’

१४. सान फ्रान्सिस्को-बेंगळुरू थेट विमान. एअर इंडियाचे पहिले उड्डाण ९ जानेवारी २०२१ च्या रात्री तिकडून निघाले आणि ११ च्या पहाटे उतरले. प्रवास मात्र सतरा तासांच्या आसपासचा. बेंगळुरूचे घड्याळ हिवाळ्यात साडेतेरा तास पुढे असते, त्यात मधली दहा तारीख विमानातच सरते. कॅप्टन झोया अग्रवाल यांच्यासह चारही वैमानिक स्त्रिया होत्या.

सरळ अंतर सुमारे १४,००० कि.मी. भिंतीवरच्या नकाशात पॅसिफिकवरून आडवी रेघ मारावीशी वाटते. पण एक शहर १२२ अंश पश्चिमेला, दुसरे ७८ अंश पूर्वेला, म्हणजे पृथ्वीच्या जवळजवळ पाठपोट बाजूंना. त्यामुळे जवळची वाट उत्तर ध्रुवाकडून जाते. शंका असल्यास पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहावा.

लेखिका उतरल्यावर ‘अजून बनशंकरी बाकी’ म्हणते ते उगाच नाही. बदामीच्या देवीचे नाव मिरवणारा हा भाग शहराच्या दक्षिणेला, तर देवनहळ्ळीचा विमानतळ उत्तरेला, चाळीसेक कि.मी.वर. २००८ पर्यंत विमाने शहरातल्याच एचएएल विमानतळावर उतरत. पुढे उल्लेखलेली ‘वायुवज्र’ ही विमानतळाची वातानुकूलित बस.