कुपोषित बालकाला लोह केव्हा द्यावे?

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे आदिवासीबहुल तालुके कुपोषणामुळे वारंवार चर्चेत येतात. हा भाग ठाणे जिल्ह्यात असताना, १९९२ मध्ये, जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरले होते. २०१६ मध्ये मोखाड्यातील बालमृत्यूंमुळे हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. कुपोषित बालकांत रक्तक्षय सर्रास आढळतो. मग अशा बालकाला रुग्णालयात दाखल करताच लोहाचे औषध का दिले जात नाही? याचे उत्तर पेशींच्या रसायनशास्त्रात आहे.

रक्तातील हिमोग्लोबिनसाठी लोह अत्यावश्यक असते. मात्र मोकळे लोह घातक ठरते. पेशींत ऊर्जानिर्मिती होताना अल्प प्रमाणात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. मोकळ्या लोहाशी संयोग होताच त्यापासून हायड्रॉक्सिल हे अतिक्रियाशील मूलक निर्माण होते आणि ते पेशीपटल, प्रथिने व डीएनए यांना इजा करते. यालाच ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. लोह व हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या अभिक्रियेचे वर्णन ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये केले होते.

निरोगी शरीरात ट्रान्सफेरिन हे प्रथिन लोह वाहून नेते, तर फेरिटिन ते साठवून ठेवते. अतितीव्र कुपोषणात ट्रान्सफेरिन घटते. मूलकांना निष्प्रभ करणारे ग्लुटाथिऑन, तसेच जीवनसत्त्व ई, जस्त व सेलेनियम यांचीही कमतरता असते. अशा वेळी बाहेरून दिलेले लोह पेशींवरील ताण वाढवू शकते. शिवाय मोकळे लोह रोगजंतूंच्याही उपयोगी पडते व संसर्ग बळावण्याचा धोका असतो.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या उपचारपद्धतीत पहिल्या टप्प्यात लोह वर्ज्य आहे. आधी संसर्ग, रक्तातील साखरेची घट व शरीराचे तापमान यांवर उपचार होतात आणि 'एफ-७५' हा लोहविरहित दूधयुक्त आहार दिला जातो. भूक परतून वजन वाढू लागल्यावर लोह सुरू होते. भारतातील पोषण पुनर्वसन केंद्रांसाठीच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, वाढीव आहार सुरू झाल्यानंतर दोन दिवसांनी बालकाच्या प्रत्येक किलो वजनामागे रोज ३ मिलिग्रॅम लोह दिले जाते.

हा नियम अतितीव्र कुपोषित बालकांच्या उपचारांपुरताच आहे. गर्भवती महिला, किशोरवयीन मुली व इतर बालकांना आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या वा औषध डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बंद करू नये.