मुलीचं गर्भाशय काढायचं का, हे ठरवणार कोण? शिरूर प्रकरण, कायदा आणि तीव्र दिव्यांग मुलांच्या उपचारांतला पेच

तीव्र बौद्धिक दिव्यांगत्व असलेली मुलगी वयात येते आणि घरात एक नवी काळजी सुरू होते. तिला पाळी आली हे कळत नाही, पॅड ठेवलेलं सहन होत नाही, कधी ती ते काढून टाकते. आईचं वय वाढत असतं. कोल्हापूर असो, सांगली असो की पुणे, अशा घरांत दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, "आमच्या माघारी हिचं कसं व्हायचं?" आणि दुसरा, जो डॉक्टरांना हळू आवाजात विचारला जातो, "पिशवी काढून टाकली तर चालेल का?"

हा दुसरा प्रश्न वाटतो तितका खासगी नाही. 1994 मध्ये महाराष्ट्र सरकारनेच त्याचं उत्तर 'हो' असं दिलं होतं आणि त्यावरून देशभर वाद पेटला होता. तेव्हा काय घडलं, जगात इतरत्र काय ठरलं आणि आज कायदा काय म्हणतो, हे समजून घेऊ.

1994 मध्ये शिरूरला काय झालं होतं?

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर इथे मतिमंद मुलींसाठीचं सरकारी वसतिगृह होतं. ('मतिमंद' हा तेव्हाचा सरकारी शब्द. आता 'बौद्धिक दिव्यांग' असं म्हटलं जातं.) फेब्रुवारी 1994 मध्ये तिथल्या काही मुली आणि तरुणींना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेण्यात आलं आणि त्यांची गर्भाशयं काढण्यात आली. दहाहून अधिक जणींवर ही शस्त्रक्रिया झाली. आणखी मुलींची पाळी येणार होती, तेवढ्यात बातमी बाहेर आली.

यातल्या कुणालाही गर्भाशयाचा आजार नव्हता. सरकारी यंत्रणेने आणि शस्त्रक्रियेच्या समर्थकांनी मुख्यतः दोन कारणं दिली. पहिलं, या मुलींना पाळीच्या दिवसांत स्वतःची स्वच्छता राखता येत नाही. दुसरं, त्यांच्यावर अत्याचार झाला तर निदान गर्भधारणा तरी होणार नाही.

महिला संघटना, दिव्यांगांसाठी काम करणारे गट आणि आरोग्य चळवळीतले कार्यकर्ते रस्त्यावर आले. गदारोळ वाढल्यावर राज्य सरकारला पुढच्या शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या. डॉ. अनंत फडके आणि इतर कार्यकर्त्यांनी हा विषय मुंबई उच्च न्यायालयातही नेला.

विरोध नेमका कशाला होता?

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं 'शस्त्रक्रिया वाईट' एवढंच नव्हतं. त्यांचे मुद्दे नीट पाहिले तर आजच्या चर्चेचा पाया तिथेच सापडतो.

स्वच्छतेचा मुद्दा घेऊ. ज्या मुलीला पाळीची स्वच्छता राखता येत नाही, तिला बहुतेक वेळा शौचाची आणि लघवीची स्वच्छताही राखता येत नाही. गर्भाशय काढलं तरी तिच्या मदतीला माणूस लागणारच. मग तो माणूस आधीच का दिला नाही? वसतिगृहात पुरेशा आया, पाणी, न्हाणीघरं आणि शिकवणारे कर्मचारी असते तर किती मुलींबाबत हा प्रश्न उरला असता? संस्थेतली कमतरता मुलीच्या शरीरावर कात्री चालवून भरून काढली जात होती, असा हा आक्षेप होता.

अत्याचाराचा मुद्दा तर याहून गंभीर. गर्भाशय काढल्याने बलात्कार थांबत नाही, फक्त त्याचा एक पुरावा नाहीसा होतो. जी मुलगी बोलून सांगू शकत नाही, तिच्या बाबतीत अनेकदा गर्भधारणेमुळेच अत्याचार उघडकीला येतो. ही भीती पोकळ नव्हती. 2011 मध्ये पनवेलजवळच्या कळंबोलीतल्या एका निवासी संस्थेत बौद्धिक दिव्यांग मुलींवर अत्याचार झाल्याचं समोर आलं आणि 2013 मध्ये न्यायालयाने संस्थाचालकाला दोषी ठरवलं. ज्यांच्या ताब्यात मुली होत्या, त्यांच्याचकडून धोका होता.

तिसरा आक्षेप संमतीचा. सरकारच या मुलींचं पालक, सरकारच वसतिगृहाचं चालक आणि शस्त्रक्रियाही सरकारी रुग्णालयात. मुलीच्या बाजूने 'थांबा' म्हणणारं कुणीच नव्हतं.

समर्थक काय म्हणत होते?

दुसरी बाजूही ऐकायला हवी. तेव्हा अनेक पालकांनी या शस्त्रक्रियांना उघड पाठिंबा दिला होता. चोवीस तास मुलीची काळजी घेणाऱ्या आईला बाहेरच्यांनी नीतिमत्ता शिकवू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. रक्त पाहून घाबरणारी, दर महिन्याला स्वतःला इजा करून घेणारी मुलगी घरात असेल, तर 'शरीराचा हक्क' हे शब्द दूरचे वाटू शकतात. काही डॉक्टरांचंही मत होतं की या मुली कधीच आई होणार नाहीत, मग त्रास कमी करण्यात गैर काय?

हे प्रश्न खरे आहेत. फक्त त्यांचं उत्तर सगळ्या मुलींसाठी एकच असू शकत नाही. शिरूरला नेमकं तेच झालं होतं, प्रत्येकीचा स्वतंत्र विचार न होता गटाने निर्णय झाला.

वैद्यकीयदृष्ट्या ही शस्त्रक्रिया काय करते?

गर्भाशय काढल्यावर रक्तस्राव कायमचा थांबतो आणि गर्भधारणा अशक्य होते. पण अंडाशय ठेवले असतील तर शरीरातलं संप्रेरकांचं मासिक चक्र चालूच राहतं. त्यामुळे पाळीच्या आसपास होणारी चिडचिड, रडारड किंवा काही मुलींमध्ये त्या दिवसांत वाढणारे फिट्सचे झटके, हे गर्भाशय काढल्याने थांबतीलच असं नाही. अंडाशयही काढले तर कमी वयातच हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. शिवाय भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्ग हे कुठल्याही मोठ्या शस्त्रक्रियेचे धोके आहेतच.

त्याआधी करून पाहण्यासारखे उपाय बरेच आहेत:

- चित्रं, बाहुली आणि रोजचा सराव यांच्या मदतीने पाळीची स्वच्छता शिकवणं. सौम्य आणि मध्यम दिव्यांगत्व असलेल्या अनेक मुली हे शिकतात.
- पॅडऐवजी पाळीची खास अंतर्वस्त्रं किंवा डायपर वापरणं.
- वेदना आणि रक्तस्राव कमी करणारी औषधं.
- संप्रेरकांच्या गोळ्या, तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन किंवा गर्भाशयात बसवायचं संप्रेरकयुक्त साधन.

या उपायांनाही मर्यादा आहेत. तीन महिन्यांच्या इंजेक्शनने हाडांची घनता कमी होऊ शकते. जी मुलगी चालत नाही आणि फिट्सची औषधं घेते, तिची हाडं आधीच कमकुवत असू शकतात. साधन बसवताना भूल द्यावी लागू शकते. पण यातले बहुतेक उपाय थांबवता येतात. शस्त्रक्रिया परत फिरवता येत नाही, हा मोठा फरक आहे.

जगात इतरत्र काय ठरलं?

या विषयावर सगळ्यात जास्त चर्चा झाली ती अमेरिकेतल्या अ‍ॅशलीच्या प्रकरणावर. मेंदूच्या तीव्र दिव्यांगत्वामुळे तिला बसता, बोलता येत नव्हतं. 2004 मध्ये, ती सहा वर्षांची असताना, सिअ‍ॅटलच्या बालरुग्णालयात तिचं गर्भाशय आणि स्तनांच्या गाठी काढण्यात आल्या. उंची वाढू नये म्हणून इस्ट्रोजेनचे मोठे डोसही दिले गेले. ती लहान आणि हलकी राहिली तर तिला उचलता येईल, फिरायला नेता येईल, असं आई-वडिलांचं म्हणणं होतं. रुग्णालयाच्या नीती समितीने संमती दिली होती. पण न्यायालयाचा आदेश न घेता गर्भाशय काढणं हे कायद्याचं उल्लंघन होतं, हे रुग्णालयाने 2007 मध्ये मान्य केलं.

न्यायालयांचे निकालही एकसारखे नाहीत. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये 'ईव्ह' प्रकरणात ठरवलं की, उपचार म्हणून गरज नसलेल्या नसबंदीला न्यायालयही परवानगी देऊ शकत नाही. पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने मात्र 17 वर्षांच्या एका मुलीच्या नसबंदीला ती 'तिच्या हिताची' म्हणून मान्यता दिली. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयाने 1992 मध्ये मधला मार्ग काढला: उपचाराची गरज नसेल तर अशा शस्त्रक्रियेचा निर्णय एकटे आई-वडील घेऊ शकत नाहीत, न्यायालयाची परवानगी लागेल.

यामागचं कारण महत्त्वाचं आहे. आई-वडिलांचं प्रेम खोटं असतं असं न्यायालयाने म्हटलं नाही. पण मुलीचं हित आणि तिला सांभाळणाऱ्यांचं हित नेहमी एकच असेल असं नाही, आणि जवळच्या माणसांना हा फरक दिसणं सगळ्यात अवघड असतं.

भारतात कायदा काय म्हणतो?

भारताने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार 2007 मध्ये स्वीकारला. त्याच्या कलम 23 नुसार दिव्यांग व्यक्तींना, मुलांनाही, इतरांच्या बरोबरीने आपली प्रजननक्षमता टिकवण्याचा हक्क आहे.

2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा 'सुचिता श्रीवास्तव विरुद्ध चंदीगड प्रशासन' हा निकाल आला. सरकारी संस्थेत राहणाऱ्या एका बौद्धिक दिव्यांग तरुणीवर बलात्कार झाला होता आणि ती गरोदर होती. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला, पण तिला मूल हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला. मनोरुग्ण असणं आणि बौद्धिक दिव्यांग असणं यात फरक आहे, आणि सज्ञान बौद्धिक दिव्यांग स्त्रीच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

त्यानंतर आला दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016. त्याचं कलम 10 सांगतं की, वंध्यत्व येईल अशी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया दिव्यांग व्यक्तीच्या स्वतःच्या, मुक्त आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय करता येणार नाही. कलम 92 नुसार दिव्यांग स्त्रीचा तिच्या स्पष्ट संमतीविना गर्भपात करणाऱ्याला सहा महिने ते पाच वर्षं कैद होऊ शकते. तीव्र दिव्यांगत्व असेल तर डॉक्टरांचं मत आणि पालकाची संमती, असा अपवाद तिथे आहे.

पळवाट कुठे राहते?

कलम 10 स्वतःच्या संमतीबद्दल बोलतं. पण जिला 'शस्त्रक्रिया' म्हणजे काय हेच कळू शकत नाही, तिची संमती कशी घ्यायची, हे त्यात सांगितलेलं नाही. शब्दशः वाचलं तर अशा मुलीवर ही शस्त्रक्रिया होऊच शकत नाही. मग तिला खरोखर गाठी असतील, जीवघेणा रक्तस्राव होत असेल तर? तिथे शस्त्रक्रिया उपचार म्हणून होते आणि इतर कुठल्याही रुग्णासारखाच पालकांच्या संमतीने निर्णय घेतला जातो. अडचण मधल्या प्रकरणांत येते, जिथे कागदावर 'अति रक्तस्राव' लिहिलेलं असतं आणि खरं कारण सांभाळण्याचं ओझं हे असतं.

दुसरी उणीव शिक्षेची. कलम 92 मध्ये गर्भपाताचा उल्लेख आहे, गर्भाशय काढण्याचा वेगळा उल्लेख नाही. कायद्याच्या इतर तरतुदी मोडल्याबद्दल कलम 89 लागू होतं, त्यात पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे.

कोल्हापुरातल्या पालकांनी काय लक्षात ठेवावं?

मूल 18 वर्षांचं होईपर्यंत आई-वडील नैसर्गिक पालक असतात. त्यानंतर ते आपोआप पालक राहत नाहीत, हे अनेकांना माहीत नसतं. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 नुसार स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती अशी ही समिती असते. मात्र पालकत्वाचा आदेश मिळाला म्हणजे कलम 10 बाजूला ठेवण्याची मुभा मिळाली, असं नाही.

वाद न्यायालयात न्यायचा झाला तर आता मुंबई गाठायची गरज नाही. ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याखाली येतात.

शस्त्रक्रियेचा विषय निघालाच तर पालकांनी डॉक्टरांना आणि स्वतःला हे प्रश्न विचारावेत:

- नेमका त्रास कोणता आहे, आणि तो मुलीला होतो आहे की आपल्याला?
- आजार आहे का? तपासण्यांत तो दिसतो का?
- कमी धोक्याचे, परत फिरवता येणारे उपाय पुरेसा काळ करून पाहिले का?
- मुलीला तिच्या भाषेत, चित्रांनी किंवा खुणांनी हे सांगण्याचा प्रयत्न झाला का? तिने कशी प्रतिक्रिया दिली?
- तिला ओळखणाऱ्या विशेष शिक्षकाचं आणि दुसऱ्या एखाद्या डॉक्टरचं मत घेतलं का?
- घरात आणखी एक मदतीचा हात मिळाला असता, तर हाच निर्णय घेतला असता का?

शेवटचा प्रश्न फक्त पालकांना विचारून भागत नाही. दिवसभर सांभाळणारी केंद्रं, प्रशिक्षित मदतनीस, आईला चार दिवस उसंत मिळेल अशी सोय आणि आई-वडिलांच्या माघारी राहण्यासाठी सुरक्षित निवासी घरं, या गोष्टी उभ्या करणं हे शासनाचं काम आहे. 1994 मध्ये शिरूरला त्या नव्हत्या, म्हणून शस्त्रक्रिया हा सोपा मार्ग वाटला. आजही ज्या घरांपर्यंत त्या पोहोचलेल्या नाहीत, तिथे 'पिशवी काढली तर?' हा प्रश्न विचारला जातच राहील.