श्वानाच्या मुखाची दुर्गंधी: एका उपेक्षित दुखण्याचा इतिहास

१/ घोड्याच्या आजारांसाठी शालिहोत्र, हत्तीच्या आजारांसाठी पालकाप्य. मग श्वानासाठी कोण? भंडारा जिल्ह्यातील कोणत्याही गावात कुत्र्याच्या तोंडाला वास येतो अशी तक्रार केली, तर बहुधा एकच उत्तर मिळते: ‘कुत्र्याच्या तोंडाला वास असायचाच.’ हे उत्तर कोठून आले, ते चूक का आहे आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे सांगणारा हा धागा.

२/ प्राचीन भारतीय विचारात श्वानाचे मुख हा शुद्धाशुद्धतेचा प्रश्न होता. एरवी अपवित्र मानलेले हेच मुख शिकार पकडताना शुद्ध असते, असे मनुस्मृतीचा पाचवा अध्याय सांगतो. त्यामागचे व्यवहारज्ञान उघड आहे: श्वानाने धरलेले हरीण टाकून देणे शिकाऱ्याला परवडणारे नव्हते. म्हणजेच मुखाची पारख माणसाच्या गरजेवर ठरत होती. श्वानाच्या आरोग्याचा विचार त्यात नव्हता.

३/ दुसरी दृष्टी भयाची. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या श्वानाचे वर्णन येते: शेपूट, जबडा आणि खांदे ढिले पडलेले, तोंडातून लाळ गळणारी. त्याच्या दंशानंतर पाण्याची भीती वाटू लागलेला रोगी वाचत नाही, हेही त्या ग्रंथाला ठाऊक आहे. रेबीजची लक्षणे इतक्या बारकाईने टिपणारी ही नोंद वैद्यकाच्या इतिहासात मोलाची आहे. मात्र तिच्यातही श्वानाचे मुख हे माणसावरचे संकट म्हणूनच येते.

४/ या काळात पशुवैद्यक मागे नव्हते. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्यचिकित्सा आणि पशुचिकित्सा या दोहोंची व्यवस्था केल्याचा उल्लेख आहे. भंडारा जिल्ह्यातील पवनी हे तर प्राचीन बौद्ध केंद्र. तेथील उत्खननात स्तूपांचे अवशेष मिळाले. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेक येथे प्राण्यांना पकडण्या-मारण्यास मनाई करणारा प्राचीन ब्राह्मी लेख सापडला. प्राण्यांविषयीची करुणा या भूमीला नवी नाही.

५/ पण करुणा वेगळी आणि शास्त्र वेगळे. शास्त्र तेथे वाढले जेथे राज्याचा पैसा आणि सामर्थ्य गुंतले होते. हत्ती व घोडा म्हणजे सैन्य. म्हणून ‘हस्त्यायुर्वेद’ रचला गेला, अश्ववैद्यकावर ग्रंथामागून ग्रंथ आले. श्वानाच्या वाट्याला असा स्वतंत्र, प्रतिष्ठित चिकित्साग्रंथ आला नाही.

६/ बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ पाहावा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा हा ज्ञानकोश. मराठीच्या अभ्यासकांना तो जुन्या मराठी ओळींसाठी परिचित आहे. त्यात श्वानांवर स्वतंत्र प्रकरण आहे, परंतु ते ‘विनोद’ या विभागात, म्हणजे राजाच्या मनोरंजनांत! श्वान दरबारात पोहोचला तो शिकारीचा सोबती म्हणून.

७/ आता १८३२ सालची मुंबई. मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेत शिपाई बक्षिसाच्या लोभाने पाळीव कुत्र्यांनाही मारू लागले. पारशी समाजात श्वानाला धार्मिक स्थान आहे. अंत्यसंस्काराच्या वेळी श्वानाची दृष्टी मृतदेहावर पडावी, असा ‘सगदीद’ विधी त्यांच्यात होता. त्या जूनमध्ये बंद पाळला गेला, दंगल उसळली. श्वानाचा प्रश्न इतिहासाच्या पानावर आला, तोही त्याच्या मरणाच्या निमित्ताने.

८/ अर्धशतकाने चित्र पालटू लागले. दिनशा माणेकजी पेटीट यांच्या देणगीतून परळ येथे बाई साकरबाई प्राणी रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तथापि वसाहतकालीन पशुवैद्यकाचा भर लष्करी घोड्यांवर आणि गुराढोरांच्या साथींवर, विशेषतः बुळकांडीवर, होता. कुत्र्याचे दात कोणाच्याही प्राधान्यक्रमात नव्हते.

९/ भंडाऱ्यासारख्या तलावांच्या आणि धानाच्या मुलखात हे अधिकच खरे होते. बैल दगावला तर पेरणी थांबते. घराची राखण करणाऱ्या कुत्र्याचा दात पडला तर काहीच थांबत नाही. त्याची दखल न घेण्यामागे क्रौर्य होते असे म्हणता येत नाही. ते त्या काळाचे कठोर अर्थकारण होते.

१०/ रानकुत्र्याची गत त्याहून वाईट. आज भंडारा-गोंदिया परिसरातील नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात पर्यटक ज्याच्या दर्शनाची वाट पाहतात, तो रानकुत्रा ब्रिटिश काळात उपद्रवी जनावर ठरवला गेला होता. त्याला मारणाऱ्यास सरकार बक्षीस देत असे. त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने.

११/ रानकुत्र्याच्या निमित्ताने एक समज तपासावा: ‘जंगलात कोण दात घासते? हाडे चावून दात आपोआप साफ होतात.’ शिकारीचे मांस व कातडे फाडताना दात काही अंशी घासले जातात, हे खरे. परंतु आफ्रिकेतील रानकुत्र्यांच्या कवट्यांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांतही झिजलेले, तुटलेले दात आणि हिरड्यांच्या रोगाच्या खुणा आढळल्या. निसर्ग दंतवैद्य नव्हे.

१२/ मग वास येतो कशामुळे? उत्तराची पहिली पायरी हॉलंडमध्ये रचली गेली. १६८३ मध्ये लेव्हेनहूक यांनी दातांवरचा पांढरा थर भिंगाखाली धरला आणि त्यात हालचाल करणारे सूक्ष्म जीव पाहिले. १८९० मध्ये विलोबी मिलर यांनी मुखातील जंतूंवर ग्रंथ प्रसिद्ध केला. दुर्गंधीचे उगमस्थान पोटाइतके दूर शोधण्याची गरज नाही, हे हळूहळू स्पष्ट होऊ लागले.

१३/ १९६५ मध्ये हाराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी १२ निरोगी माणसांना दात घासणे थांबवायला सांगितले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू होताच त्या पूर्ववत झाल्या. कारण आणि परिणाम यांची साखळी जुळली. पण पुढे काय होते, हाड झिजते का, हे पाहण्यासाठी माणसाचे दात वर्षानुवर्षे अस्वच्छ ठेवणे शक्य नव्हते.

१४/ येथे श्वान पुन्हा इतिहासात येतो. १९७५ मध्ये लिंडे, हाम्प आणि ल्यो यांनी बीगल जातीच्या कुत्र्यांवरील चार वर्षांचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाचे दात नियमित घासले, दुसऱ्याचे नाही. पहिल्या गटाच्या हिरड्या निरोगी राहिल्या. दुसऱ्या गटात हिरड्यांचा दाह झाला आणि दातांचा आधारही झिजला.

१५/ या प्रयोगाचा हेतू माणसाच्या हिरड्या समजून घेण्याचा होता. परंतु त्यातून श्वानाविषयीचेही सत्य सिद्ध झाले: त्याच्या तोंडाचा रोग ही त्याची प्रकृती नाही, तो टाळता येतो. शतकानुशतके ‘असायचेच’ म्हणून सोडून दिलेल्या गोष्टीचे उत्तर एका साध्या ब्रशात होते.

१६/ यंत्रणा अशी: खाल्ल्यानंतर दातांवर जंतूंचा चिकट थर साचतो. दोन-तीन दिवसांत लाळेतील क्षारांनी तो कडक होऊन किटण बनते. कुत्र्याची लाळ माणसाच्या लाळेपेक्षा अधिक अल्कधर्मी असते. म्हणून त्याचे दात क्वचित किडतात, पण किटण लवकर धरतात. हिरडीखाली लपलेले जंतू प्रथिनांचे विघटन करून गंधकयुक्त वायू सोडतात. तोच तो वास.

१७/ आहाराचाही इतिहास आहे. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट यांनी लंडनमध्ये कुत्र्यांसाठी बिस्किटे विकायला सुरुवात केली आणि श्वानाचे अन्न हा व्यापार झाला. धानपट्ट्यातील कुत्रा मात्र घरातल्या उरल्यासुरल्या भातावर वाढला. मऊ, चिकट अन्न दातांना घासत नाही. उपाय म्हणून कडक हाड द्यावे, तर दात तुटतो; शिजवलेल्या हाडाचे तुकडे घशात वा आतड्यात रुततात.

१८/ प्रत्येक दुर्गंधी दातांचीच असते असे नाही. लघवीसारखा वास मूत्रपिंडाच्या विकाराकडे बोट दाखवतो. गोडसर, फळासारखा वास मधुमेहाकडे. दातांत अडकलेला हाडाचा तुकडा, ओठांच्या घडीतील संसर्ग, तोंडातील गाठ, विष्ठा वा मेलेले जनावर खाण्याची सवय, हीही कारणे असतात. म्हणून आधी निदान, मग उपचार.

१९/ उपचाराचा गाभा म्हणजे पूर्ण भूल देऊन केलेली सफाई. पशुवैद्य हिरडीच्या वरचे आणि खालचे किटण काढतात, दात गुळगुळीत करतात, क्ष-किरणाने मुळे तपासतात आणि न वाचणारे दात काढतात. शुद्धीवर असताना वरवर खरवडलेले दात पांढरे दिसतात. रोग हिरडीखाली तसाच राहतो. केवळ प्रतिजैविकांनी वास काही दिवस दबतो आणि परततो.

२०/ घरी करण्याजोगे: मऊ ब्रश, कुत्र्यांसाठी बनवलेली पेस्ट आणि रोजची दोन मिनिटे. माणसांची टूथपेस्ट वापरू नये. कुत्रा ती गिळतो, आणि काहींतील झायलिटॉल हा गोडवा त्याची रक्तशर्करा झपाट्याने घटवून जीवावर बेतू शकतो. आपल्याकडील दातवणाचे मर्मही घासण्यातच होते. सुगंध वास झाकतो. घर्षण कारण दूर करते.

२१/ सुश्रुताचा इशारा येथे विसरू नये. कुत्र्याची लाळ अकस्मात गळू लागली, गिळणे अवघड झाले, आवाज वा वागणे पालटले, जबडा लोंबू लागला, तर ‘घशात हाड अडकले असेल’ म्हणून तोंडात हात घालू नये. ती रेबीजची लक्षणे असू शकतात. चावा वा लाळेचा जखमेशी संपर्क झाल्यास जखम साबणाने १५ मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि लगेच रुग्णालय गाठावे. पाळीव कुत्र्याचे लसीकरण चुकवू नये.

२२/ नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ मध्ये सुरू झाले. २००० मध्ये पशुवैद्यकाचे स्वतंत्र विद्यापीठही नागपुरातच आले. भंडारा शहरापासून हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. श्वानाचा वैद्य आज शोधण्यापलीकडे राहिलेला नाही. अडसर उरला आहे तो त्या जुन्या वाक्याचा: ‘असायचाच.’

२३/ दात दुखणारा कुत्रा बहुधा कण्हत नाही. तो जेवतच राहतो; एका बाजूने चावतो, कडक घास टाकून देतो, तोंडाला हात लावू देत नाही. धर्मग्रंथाने त्याचे मुख शुद्ध की अशुद्ध हे पाहिले, वैद्याने ते घातक आहे का हे पाहिले, राजाने त्याची पकड पाहिली. ते मुख दुखते का, हे पाहण्याचे काम आता त्याला पाळणाऱ्याचे आहे. आज रात्री घरच्या कुत्र्याचा ओठ हळूच वर करून दाढेच्या कडेची हिरडी पाहावी: ती गुलाबी आहे की लाल?

धागा समाप्त.