७०५ ग्रॅम की १३१० ग्रॅम? टेलिफोटो झूमच्या एका जुन्या पेचाचा इतिहास

१९९९ साली कॅननने ७०-२०० मिमी एफ/४ एल ही लेन्स बाजारात आणली. वजन ७०५ ग्रॅम. त्याच कंपनीची, त्याच पल्ल्याची एफ/२.८ लेन्स १९९५ पासून वृत्तछायाचित्रकारांच्या खांद्यावर होती. तिचे वजन १३१० ग्रॅम. दोघींचा रंग पांढरा, दोघींच्या टोकाशी तांबडे कडे. फरक अवघ्या एका ‘स्टॉप’चा. पण या एका स्टॉपसाठी माणसे दुप्पट ओझे का वाहत होती?

उत्तराचा पहिला भाग निव्वळ अंकगणिताचा आहे. नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की एफ-अंक मिळतो. २०० मिमीला एफ/४ हवे तर छिद्र ५० मिमीचे पुरते; एफ/२.८ हवे तर ते सुमारे ७१ मिमी लागते. क्षेत्रफळ दुप्पट, म्हणून प्रकाशही दुप्पट. मात्र काच व्यासाबरोबर जाडीनेही वाढते, आणि ती धरून ठेवणारी धातूची नळीही. पुढच्या फिल्टरचा व्यास ६७ वरून ७७ मिमीवर गेला तो यामुळेच. कोणत्याही कारखान्याला या हिशेबातून पळवाट नाही.

हा पेच झूम लेन्सहून कितीतरी जुना आहे. डागेरच्या कॅमेऱ्याची लेन्स सुमारे एफ/१५ची होती. तिच्यासमोर बसणाऱ्याला मिनिटेच्या मिनिटे निश्चल राहावे लागे. १८४० मध्ये व्हिएन्नाच्या योझेफ पेट्झव्हालने एफ/३.६ची लेन्स गणिताने रचली. आकडेमोडीसाठी त्याला तोफखान्यातले हिशेबनीस मिळाले होते. प्रकाश पंधरापटीहून अधिक वाढला आणि व्यक्तिचित्रण व्यवहार्य झाले. त्याची किंमत चित्राच्या कडांनी मोजली: मध्यभाग रेखीव, कडा धूसर.

‘टेलिफोटो’ रचना १८९१ची. इंग्लंडमध्ये थॉमस डालमेयर आणि जर्मनीत आडोल्फ मीटे यांनी ती जवळजवळ एकाच वेळी, स्वतंत्रपणे मांडली. पुढे बहिर्गोल भिंगगट, मागे अंतर्गोल. त्यामुळे लांब नाभीय अंतर आखूड नळीत मावू लागले. लांबी आटली, पण पुढच्या छिद्राचे गणित तसेच राहिले. १९५९ मध्ये फोक्टलेंडरची ३६-८२ मिमी झूमार ३५ मिमी स्थिरचित्रणात झूम घेऊन आली, तीही एफ/२.८च होती. लांब पल्ल्याच्या झूमला मात्र बराच काळ एफ/४.५वर समाधान मानावे लागले. १९८२ मध्ये निकॉनने ८०-२०० मिमी एफ/२.८ काढली, तेव्हा तिचे वजन सुमारे १.९ किलो भरले आणि फिल्टर ९५ मिमीचा लागला. हातात धरायची वस्तू म्हणणे धाडसाचेच होते.

तरीही तिची गरज खरी होती. ४०० संवेदनशीलतेची फिल्म धुताना ताणून १६००पर्यंत नेता येई. त्यापुढे दाणे चित्र खाऊन टाकत. बंदिस्त क्रीडागृहात एफ/४वर शटर १/२५० सेकंदावर अडकत असेल, तर एफ/२.८वर तेच १/५०० होई. उडी मारलेल्या खेळाडूचा पंजा रेखीव येणे किंवा पुसट होणे या फरकावर ठरे, आणि दुसऱ्या दिवशी छापायला चित्र मिळणे किंवा न मिळणेही. शिवाय अनेक कॅमेऱ्यांचे स्वयंकेंद्रण एफ/२.८ लेन्सवरच पूर्ण अचूकतेने चाले. एफ/२.८ ही व्यावसायिकतेची खूण ठरली ती या अनुभवातून. मिरवण्याचा भाग नंतर चिकटला.

म्हणूनच १९९९च्या एफ/४कडे ‘धाकटी’ म्हणून पाहिले गेले. हा अन्याय होता. तिच्यात फ्लोराइटचे एक भिंग होते. तिच्या महागड्या थोरलीत तेव्हा ते नव्हते. दिवसभर डोंगर चढणाऱ्याला किंवा उन्हातल्या मिरवणुकीमागे धावणाऱ्याला सहाशे ग्रॅम कमी ओझे हाच मोठा लाभ होता.

पुढे कंपनरोधक यंत्रणा आली. २००१ मध्ये ती एफ/२.८ला मिळाली आणि वजन दीड किलोच्या घरात गेले. २००६ मध्ये एफ/४ला मिळाली, वजन ७६० ग्रॅम. इथे एक गैरसमज रुजला, तो आजही पुरता गेलेला नाही: स्थिरीकरण असले की मोठ्या छिद्राची गरज उरत नाही. स्थिरीकरण छायाचित्रकाराच्या हाताचा कंप शोषते, समोरच्या माणसाची हालचाल थांबवत नाही. मंदिराच्या गाभाऱ्यातील मूर्तीसाठी ते पुरेसे आहे. नर्तकीसाठी नाही.

खरा तोल ढळवला तो संवेदकाने. २००७च्या निकॉन डी३ने ६४०० आयएसओ ही नेहमीच्या वापरातील मर्यादा केली. फिल्मवर ज्यासाठी एफ/२.८ अपरिहार्य होते, ते आता आयएसओ एक पायरी वाढवून एफ/४वरही साधू लागले. थोडा कण वाढे, एवढेच. पार्श्वभूमी विरघळवण्याची एफ/२.८ची ताकद मात्र संवेदकाला देता आली नाही.

मग थोरलीनेही अंग झडवले. २०१९ची आरएफ ७०-२०० एफ/२.८ केवळ १०७० ग्रॅमची निघाली. त्यासाठी तिची नळी झूम करताना बाहेर सरकणारी केली गेली आणि टेलिकन्व्हर्टर बसवण्याची सोय गेली. पक्षी टिपणाऱ्यांना हे खटकले. २०२४ मध्ये न सरकणाऱ्या नळीची, टेलिकन्व्हर्टर स्वीकारणारी ‘झेड’ आवृत्ती आली. वजन १११० ग्रॅम. आरएफ मालिकेतील एफ/४ तोवर ६९५ ग्रॅमवर पोहोचली होती.