साक्षीचा कागद : १९४६ च्या जपानी नोटा व त्यांचा संग्रह

जुन्या नोटा जमविणाऱ्या संग्राहकास नोट कोरी, बिनघडीची हवी असते. इतिहासाच्या अभ्यासकास ती हाताळलेली, मळलेली मिळाली तर अधिक बरे. हा विरोध सर्वत्रच आढळतो. परंतु महायुद्धोत्तर जपानच्या नोटांच्या बाबतीत तो इतका तीव्र आहे की, संग्राहकाची आवड पुराव्यासच बाधक ठरण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखात मुख्यतः १९४६ सालच्या नोटांचा ह्या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

शरणागतीनंतर जपानात भाववाढ अनावर झाली. तीस आळा घालण्यासाठी १६ फेब्रुवारी १९४६ रोजी सरकारने आणीबाणीचे अर्थविषयक उपाय जाहीर केले. दुसऱ्या दिवसापासून बँकांतील ठेवी गोठविण्यात आल्या आणि लहान मूल्याच्या वगळता जुन्या नोटा ३ मार्चपासून रद्द ठरल्या. कुटुंबप्रमुखाने महिन्यास ३०० येन व घरातील इतर प्रत्येक माणसामागे १०० येन एवढीच रक्कम नव्या चलनात काढावी, असा निर्बंध होता. चलनातील नोटांचे एकूण मूल्य सुमारे ६२ अब्ज येनांवरून मार्चच्या मध्यापूर्वीच १५ अब्जांवर उतरले. पण वर्षअखेरीस तेच ९३ अब्जांवर चढले. उपाय टिकला नाही, असेच म्हणावे लागते. गोठलेल्या ठेवींचे मोल मात्र भाववाढीने खाऊन टाकले.

येथे आपणांस कर्तव्य आहे ते एका क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूशी. नव्या नोटा वेळेत पुरेशा छापून होईनात, म्हणून जुन्याच नोटांवर टपालाच्या तिकिटासारखा एक छापील तुकडा चिकटवून त्या नव्या म्हणून चालविण्यात आल्या. ह्या तुकड्यास जपानीत ‘शोशी’ म्हणतात. ‘शो’ म्हणजे पुरावा, साक्ष. ‘शी’ म्हणजे कागद. ऑक्टोबर १९४६ अखेर ह्या साक्षांकित नोटांचीही मुदत संपली. म्हणजे आज जी प्रत उरली आहे ती कोणीतरी बदलून घेण्याचे राहून गेल्यामुळे, किंवा मुद्दाम ठेवल्यामुळे उरली आहे.

अडचण अशी की, न वापरलेले सुटे ‘शोशी’ही संग्राहकांजवळ शिल्लक आहेत. जुनी नोट आणि सुटा तुकडा हाती असला की दोन्ही केव्हाही जोडता येतात. कोरी नोट व कोरा तुकडा हे संग्राहकाचे आवडते रूप ह्या दृष्टीने सर्वांत संशयास्पद होय. उलट, नोटेची घडी तुकड्याच्या मधून सलग गेली असेल आणि मळ दोहोंवर सारखाच बसला असेल, तर ती नोट त्या आठ महिन्यांत हातोहाती फिरली असण्याचा संभव अधिक. बाजारात मात्र अशाच प्रतीस किंमत कमी येते.

नव्या मालिकेतील (हिला ‘अ’ मालिका म्हणतात) नोटाही घाईने व साध्या पद्धतीने, काही खाजगी छापखान्यांच्या साहाय्याने छापल्या गेल्या. त्यांवरील क्रमांकाच्या शेवटच्या दोन अंकांवरून छापखाना ओळखता येतो. संग्राहकांनी ह्या अंकांच्या याद्या चिकाटीने केल्या, हे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. दहा येनच्या नोटेची कथा तर भाषाभ्यासकास मोह पाडणारी आहे. तिच्या चौकटीत ‘बेइकोकु’, म्हणजे अमेरिका, ही दोन अक्षरे लपविली आहेत, अशी वदंता पसरली. ‘बेइ’ ह्या अक्षराचा मूळ अर्थ तांदूळ. अन्नटंचाईच्या त्या वर्षी, परकीय लष्कराच्या अमलाखाली, लोकांनी नोटेत हीच अक्षरे वाचावीत, ह्यात नवल नाही. आराखडा करणाऱ्याच्या मनात तसे काही होते असे मानण्याचे कारण मला दिसत नाही. वदंता खरी नसली तरी ती वाचणाऱ्यांची मनःस्थिती खरी होती.

लिपीचा पुरावा ह्याहून भक्कम आहे. ‘अ’ मालिकेतील नोटांवर ‘येन’चे जुने, तेरा रेघांचे अक्षर आहे, १९५० मध्ये निघालेल्या हजार येनच्या नोटेवर चार रेघांचे सुटसुटीत अक्षर येते. नोव्हेंबर १९४६ मध्ये नित्य वापराच्या अक्षरांची यादी व १९४९ मध्ये त्यांची प्रमाणरूपे सरकारने ठरविली, त्याचाच हा परिणाम. तथापि दहा हजारांच्या नोटेवर ‘एक’ हा आकडा आजही साध्या एका रेघेने न लिहिता दस्तऐवजी अक्षराने लिहितात. एका रेघेत आणखी रेघ ओढून आकडा वाढविता येतो, हे त्यामागील भय. आपल्याकडील हुंडीत रकमेची निमपट व दुप्पट लिहीत, त्याच भयाने.

एक योगायोग नोंदवावासा वाटतो. फेब्रुवारी १९४६ चे उपाय अंमलात आणणारे अर्थमंत्री शिबुसावा केइझो हे लोकजीवनाचे व्यासंगी अभ्यासक होते. तानाका केइबुन ह्यांचा प्रचंड नाणेसंग्रह १९४४ मध्ये, युद्ध चालू असताना, जपानी मध्यवर्ती बँकेकडे आला तो ह्यांच्याच पुढाकाराने. ते तेव्हा बँकेचे गव्हर्नर होते. बँकेचे चलन-संग्रहालय १९८५ मध्ये उघडले ते ह्याच संग्रहाच्या पायावर. त्यांचे आजोबा शिबुसावा एइइची २०२४ पासून दहा हजारांच्या नोटेवर आहेत.

‘अ’ मालिकेतील एक येनच्या नोटेवर निनोमिया सोन्तोकू ह्या शेतीसुधारकाचे चित्र आहे. १९५३ च्या कायद्याने येनखालील सर्व चलन रद्द झाले, पण ही नोट त्यातून वाचली. ती आजही कायद्याने एक येनला चालते.