केंद्रकीय लॅमिना आणि जनुकांची सक्रियता

केंद्रकीय लॅमिना म्हणजे प्राण्यांच्या पेशीकेंद्रकाच्या आवरणाला आतून अस्तरासारखे लागून असलेले लॅमिन प्रथिनांचे जाळे. गुणसूत्रांचे लांबलांब पट्टे या जाळ्याला टेकलेले असतात. 2008 साली ॲमस्टरडॅमच्या बास व्हान स्टेन्सेल यांच्या गटाने मानवी पेशींत असे 1,300 हून अधिक पट्टे शोधले. एकेकाची लांबी सुमारे एक लाखापासून एक कोटी बेस जोड्यांपर्यंत. त्यांत जनुके विरळ, आणि असलेली बहुतेक निष्क्रिय. म्हणून लॅमिनाच जनुके बंद करते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण दोन गोष्टी एकत्र आढळल्या एवढ्यावरून एक दुसरीचे कारण ठरत नाही. त्याच वर्षी काही प्रयोगशाळांनी जनुके मुद्दाम केंद्रकाच्या कडेला बांधून पाहिली. काही दबली, काहींवर परिणामच झाला नाही, आणि एका प्रयोगात तर कडेला असतानाच जनुकाचे लेखन (त्यावरून आरएनए बनणे) सुरू करता आले. पुढे 2014 मध्ये एडिनबर्गच्या वेंडी बिकमोर यांच्या गटाने उंदराच्या मूलपेशींत लेखन सुरू न करता केवळ क्रोमॅटिन (डीएनए आणि प्रथिनांची गुंडाळी) सैल केले, आणि तेवढ्याने जनुक कडेपासून आत सरकले. म्हणजे क्रोमॅटिनची अवस्था आधी बदलते, जागा मागाहून.

सर्वांत बोलका पुरावा मात्र निशाचर सस्तन प्राण्यांच्या डोळ्यांतून मिळतो. उंदराच्या दृष्टिपटलातील प्रौढ दंडपेशींत लॅमिन ए/सी नसते आणि क्रोमॅटिनला आवरणाशी जोडणारे लॅमिन-बी ग्राहक प्रथिनही नसते. तेथे निष्क्रिय क्रोमॅटिन मध्यभागी गोळा होते आणि सक्रिय भाग कडेला येतो (या उलट्या मांडणीमुळे प्रकाश कमी विखुरतो, हा प्राण्याचा लाभ). मांडणी उलटली तरी सक्रिय आणि निष्क्रिय भागांची फारकत टिकते. ती क्रोमॅटिनच्या आपसातील आकर्षणातून घडते. कोणता भाग कडेला राहायचा एवढे लॅमिना ठरवते.

यावर रास्त आक्षेप असा, की लॅमिनाचे काम इतके दुय्यम असेल, तर 2003 साली लॅमिन ए च्या जनुकातील ज्या उत्परिवर्तनाचा छडा लागला, त्यातून प्रोजेरियासारखा अकाली वार्धक्याचा भीषण आजार कसा उद्भवतो? त्या पेशींत निष्क्रिय क्रोमॅटिनच्या खुणाही ओसरतात. पण लॅमिना केंद्रकाला यांत्रिक बळही देते, त्यामुळे विकृत, कमकुवत केंद्रकातला बिघाड थेट जनुकनियंत्रणाच्या खाती टाकता येत नाही. शिवाय लॅमिना निष्प्रभ आहे, असा दावा येथे नाहीच. तिच्याशी संलग्न प्रथिने क्रोमॅटिनमधील हिस्टोन प्रथिनांवरील ॲसिटिल गट काढणाऱ्या एचडीएसी३ या एन्झाइमाला जवळ आणतात. त्यामुळे आधीच दबलेले जनुक दबलेलेच राहते. जनुकाचे लेखन सुरू करणारे डीएनएचे भाग म्हणजे प्रवर्तक; दुर्बळ प्रवर्तक या परिसरात गप्प होतात, तर काही बलवान प्रवर्तक तेथेही चालू राहतात.